भाड्याच्या नवीन खोलीत लाईट येईना, नाहीतर टिकेना : काय काय बघायचं

एक तारीख आली की माझा फोन सुरू होतो. कोल्हापुरात शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत मेंटेनन्सला आहे, कळंब्याच्या आयटीआयला इलेक्ट्रिशियन केलंय, आणि स्वतः लग्नाआधी-नंतर धरून सहा खोल्या बदलल्यात, त्यामुळं मित्र, मित्रांचे मित्र, बायकोच्या माहेरचे, या सगळ्यांचा लाईटचा माणूस मीच. टेम्पोतनं सामान उतरलेलं असतंय, गादी अजून गुंडाळलेली, आणि फोनवर, "दादा, लाईटच येईना झालीय, येताय काय जरा?" जातो मी. पण दहातल्या सहा-सात वेळा माझा पाना-पक्कड पिशवीतनं बाहेरसुद्धा येत नाही, फॉल्ट वायरीत नसतोच, तो बिलात असतो, नाहीतर खाली मीटरच्या बोर्डावर, नाहीतर घरमालकानं सांगायचं राहून गेलेल्या एखाद्या गोष्टीत. म्हणून मी ज्या क्रमानं बघतो तोच क्रम इथं लिहितोय, फुकटचं आधी आणि अवघड शेवटी.

आधी लक्षण नीट ओळखा. "लाईट नाही" हे एकच वाक्य सगळे बोलतात पण आजार वेगवेगळे असतात. घरात ठार अंधार आणि शेजारी मालिका चालू, हा एक. हॉलमध्ये लाईट आहे पण किचन नाहीतर बाथरूम बंद, हा दुसरा. सगळं चालतंय पण गिझर किंवा इस्त्री लावली की खटकन् मेन पडतो, हा तिसरा आणि सगळ्यात जास्त येणारा. चौथा म्हणजे बल्ब मधेच मंद आणि मधेच डोळे दिपतील इतका प्रखर. पाचवा, नळाला, वॉशिंग मशीनला किंवा ओल्या भिंतीला हात लावला की झिणझिण्या. सहावा, बटण बंद केलं तरी एलईडी बल्ब काजव्यासारखा मिणमिणत राहतो. आणि सातवा, ज्याला कुणी फॉल्टच म्हणत नाही, लाईट झकास आहे पण दोन माणसांचं बिल सहा माणसांएवढं येतंय.

चौथं किंवा पाचवं लक्षण असेल तर पुढचं वाचत बसू नका. मेन खाली ओढा आणि सरळ शेवटी "हात लावू नका" असं जिथं लिहिलंय तिथं जा.

खिडकी उघडा

हसू नका. गेल्या पावसाळ्यात रात्री दहाला राजेंद्रनगरातनं एका पोराचा फोन आला, मी उचगावातनं रेनकोट घालून गाडी काढली, पोचतो तर अख्खी गल्ली अंधारात. याच्या खोलीला एकच खिडकी आणि तिच्यापुढं यानं कपाट लावलेलं. तेव्हापासून मी फोनवर पहिला प्रश्न हाच विचारतो, रस्त्यावरचे दिवे आहेत काय, समोरच्या घरात आहे काय. सगळीकडंच गेली असेल तर तुमच्या खोलीत काही शोधण्यात अर्थ नाही. आणि दुरुस्तीसाठी लाईट बंद ठेवणार असल्याचा मेसेज येतो तो मीटरला नोंदवलेल्या मोबाईलवर, म्हणजे घरमालकाच्या, आणि मालक असतो गडहिंग्लजला नाहीतर पुण्यात पोराकडं. तुम्हाला कळणार कसं? मालकाला विचारून तुमचा नंबर नोंदवून घ्या, महावितरणच्या ॲपवरनं होतंय ते.

बिल बघा, आणि शक्यतो डिपॉझिट द्यायच्या आधी बघा

फ्लॅट तीन-चार महिने रिकामा होता, आधीचा भाडेकरू शेवटची दोन बिलं न भरता गेला, मालकाला वाटलं त्यानं भरली, त्याला वाटलं डिपॉझिटमधनं वळती होतील. आणि लाईट तोडली जाते ती तुम्ही सामान घेऊन यायच्या आठवडाभर आधी. हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता दारात उभा राहूनच विचारतो, शेवटचं बिल कुठाय?

बिलावर बारा अंकी ग्राहक क्रमांक असतो, चार अंकी बिलिंग युनिट असतं आणि मीटर नंबर असतो. कागद नसेल तर मालकाकडनं ग्राहक क्रमांक तरी घ्या, तो टाकला की ॲपवर बिल दिसतं. थकबाकीचा आकडा बघा. मग मंजूर भार, म्हणजे त्या मीटरला किती लोड मंजूर केलाय, ते बघा, ते पुढं गिझरच्या वेळी लागणार आहे. आणि बिलावरचा मीटर नंबर कागदावर लिहून घ्या, ते तर सगळ्यात महत्त्वाचं.

बिल थकलं म्हणून लाईट तोडायची तर वीज कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणं पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. पण ती जाते ज्याच्या नावावर मीटर आहे त्याला, तुम्हाला नाही. तेव्हा "मला कुणी सांगितलंच नाही" असं म्हणत ऑफिसात भांडायला जाऊन उपयोग नाही, मालकाला फोन लावा, थकबाकी आणि पुन्हा जोडणीचे पैसे भरायला लावा, पावती घ्या, मग येऊन जोडून देतात. मीटर फार दिवस बंद राहून पीडी झाला असेल, म्हणजे कनेक्शनच कायमचं तोडलं असेल, तर मग नव्या कनेक्शनचा अर्ज करावा लागतोय आणि ते काम एका दिवसाचं नाही. अशा खोलीत लाईट येईपर्यंत भाडं सुरू करू नका, एवढं तोंडावर बोलून घ्या.

आणि तोडलेली वायर स्वतः जोडायची नाही. गल्लीतला एखादा हुशार म्हणतोच, "काय नाय ओ, दोन मिनिटांचं काम हाय." कलम १३८ मध्ये याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड आहे, दोन्हीसुद्धा होऊ शकतं, आणि तिथं राहताय तुम्ही, तो हुशार नाही. (२००५ मध्ये वीज बोर्डाचे, म्हणजे एमएसईबीचे, तुकडे होऊन महावितरण झालं तरी आपल्याकडं अजून "एमएसईबीत जाऊन ये" असंच म्हणतात, तेव्हा कुठलाही शब्द वापरा, ऑफिस तेच.)

मीटर तुमचाच आहे काय?

आता जिन्याखाली जा, मोबाईलचा टॉर्च घेऊन. चार-सहा मीटर एका फळीवर, त्यांच्यावर खडूनं किंवा पेंटनं नावं, आणि ती नावं दहा वर्षांपूर्वीच्या भाडेकरूंची. मगाशी लिहून घेतलेला नंबर मीटरच्या पाटीवरच्या नंबराशी जुळवा. नावावर, खडूवर, मालकाच्या बोटावर विश्वास ठेवू नका, नंबर जुळला तरच तो तुमचा मीटर.

मीटरचा डिस्प्लेच विझलेला असेल तर मीटरपर्यंत सप्लाय पोचत नाही, म्हणजे काम महावितरणचं, १९१२ ला नाहीतर १८००-२१२-३४३५ ला फोन करा आणि ग्राहक क्रमांक सांगा. डिस्प्ले चालू आहे आणि घरात अंधार, तर फॉल्ट मीटर ते घर या टप्प्यात आहे, बहुतेक मीटरशेजारचा मेन स्विच कुणीतरी खाली केलेला असतो. रंगाऱ्यानं, जुन्या भाडेकरूनं जाताना, कधी तर नुसता दुसऱ्याचा म्हणून. तो वर करा. निम्मे फोन इथंच संपतात.

आता मीटरवरचा छोटा लाल दिवा बघा, पल्सचा. युनिट जळतंय तसा तो मिचकावतो. घरातला मेन बंद करून खाली या आणि एक मिनिट त्या दिव्याकडं बघत उभे राहा. तो एकतर विझला पाहिजे नाहीतर न मिचकावता तसाच राहिला पाहिजे. तुमचं सगळं बंद असताना तो मिचकावतोय, म्हणजे तुमच्या मीटरवर दुसरं कुणीतरी जेवतंय.

राजारामपुरीत दोन पोरांची खोली होती, दोघंही दिवसभर बाहेर, आणि बिल येतंय तीन माणसांच्या संसाराएवढं. मी मेन पाडून खाली गेलो. दिवा टकटक, टकटक. थोड्या वेळानं थांबला. आणि त्याच वेळी मागच्या बाजूला पाण्याच्या पंपाचा घरघर आवाज बंद झाला. मी त्या पोराकडं बघितलं, त्यानं माझ्याकडं बघितलं. अख्ख्या बिल्डिंगची टाकी त्यांच्या मीटरवर भरत होती. मालकीणबाई म्हणाल्या, "अहो पंप तर सगळ्यांचाच की." सगळ्यांचाच आहे हो मावशी, बिल तेवढं दोघांचं आहे!

मीटर बरोबर मोजतोय काय असा संशय असेल तर त्याचाही हिशोब सोपा आहे. मीटरवर लिहिलेलं असतं एका युनिटला किती पल्स, समजा ३२००. बाकी सगळं बंद करून हजार वॉटची इस्त्री लावली तर मिनिटाला साधारण ५३ वेळा दिवा मिचकावला पाहिजे. इस्त्रीचा दिवा पेटलेला असेल तेव्हाच मोजा, कारण तापली की ती आपोआप बंद होते आणि मग आकडा चुकतो.

राहायला जाल त्या दिवशी रीडिंगचा फोटो काढा, मीटर नंबर दिसेल असा, आणि मालकाला व्हॉट्सॲप करा. सबमीटर, म्हणजे मेन मीटरच्या पुढं मालकानं खोलीपुरता लावलेला मीटर, असेल तर त्याचाही आणि मेन मीटरचाही. सबमीटरवाल्या खोल्यांत एक गोम असते, घरगुती दर टप्प्याटप्प्यानं चढतात, १०० युनिटपर्यंत एक, १०१ ते ३०० दुसरा, ३०१ ते ५०० तिसरा, त्यापुढं चौथा. चार खोल्या नव्वद-नव्वद युनिट जाळत असतील तर वेगळ्या मीटरवर चौघंही पहिल्या टप्प्यात राहिले असते, पण एकाच मीटरवर ३६० होतात आणि तिसऱ्या टप्प्यात जातात. मालक लुबाडतोयच असं नाही, पण दर कसा काढलाय ते पहिल्या महिन्यातच विचारा, अकराव्या महिन्यात विचारलं की भांडण होतं.

आता घरातला बोर्ड

कुठला खटका पडलाय ते बघा, कारण दोन्ही खटके वेगळी तक्रार सांगतात. एमसीबी पडला तर लोड जास्त झालाय किंवा शॉर्ट आहे. आरसीसीबी पडला, तोच रुंद आणि ज्याच्यावर टी लिहिलेलं बटण असतंय, तर करंट कुठंतरी गळतोय. तो फेजमधनं गेलेला आणि न्यूट्रलमधनं परत आलेला करंट ताडून बघतो, घरात सहसा ३० मिलिअँपिअरचा बसवतात, तेवढा फरक पडला की तोडतो. म्हणजे तो जीव वाचवायला बसलाय. सारखा पडतोय म्हणून काढून टाकणारे वायरमनसुद्धा मी बघितलेत, त्यांना दारातनंच परत पाठवा.

एमसीबी अर्धवट अडकला असेल तर वर ढकलून बसत नाही, आधी पूर्ण खाली दाबा आणि मग वर करा. वर केल्या केल्या परत पडला तर पुन्हा पुन्हा करत बसू नका, एकदा, फार तर दोनदा.

जुन्या घरात, शिवाजी पेठेत, मंगळवार पेठेत वाड्यांत पार्टिशन घालून काढलेल्या खोल्यांत, अजून चिनी मातीचे किटकॅट, म्हणजे फ्यूजचे जुने होल्डर, सापडतात. मेन बंद करून किटकॅट उपसून बघा, आतली तार तुटलेली असेल तर तेवढ्याच अँपिअरची फ्यूज वायर टाका. वायरीतली तांब्याची चार तारं पिळून टाकायची सवय आपल्याकडं फार. मग फ्यूज कधीच उडत नाही, भिंतीतली वायर उडते.

सगळे प्लग काढा

बटण बंद करून भागत नाही, प्लगच काढा, कारण बटण फक्त फेज तोडतंय, न्यूट्रल जोडलेलाच राहतो आणि गळती तिकडनंही होते. मग खटका वर करा. टिकला? आता एकेक वस्तू लावत जा, पाच पाच मिनिटं थांबून. ज्या वस्तूला पडला ती चोर. माझ्या अनुभवात चोर बहुतेक गिझरच असतो, आधीच्या भाडेकरूनं सोडून गेलेला, कॉईलला क्षार धरून फुटलेला. गिझर बाजूला ठेवला की सगळं सुरळीत, आणि मालक म्हणणार, "आधीच्यांना तर कधी त्रास नव्हता." त्यांना नव्हता कारण तेव्हा आरसीसीबीच नव्हता.

वस्तू एकेकटी चालते पण एकत्र लावल्या की पडतंय, तर तो लोडचा विषय. तीन किलोवॉटचा इन्स्टंट गिझर म्हणजे १३ अँपिअर, दोन किलोवॉटचं इंडक्शन म्हणजे पावणेनऊच्या आसपास, इस्त्री सव्वाचार. सकाळी साडेसातला एक अंघोळीत, एक चहा टाकतोय, एक शर्ट इस्त्री करतोय, झाले २६. मेन एमसीबी १६ चा असेल तर त्याचा काय दोष? मोठा एमसीबी बसवून हे सुटत नाही, वायर तेवढी जाड पाहिजे, मंजूर भारही तेवढा पाहिजे, आणि ते मालकानं अर्ज करून वाढवून घ्यायचं काम आहे. तोपर्यंत पाळी लावा. कन्व्हर्टर, म्हणजे मोठा प्लग लहान पॉईंटला बसवायचं जोडकं, घालून सहा अँपिअरच्या पॉईंटला इंडक्शन लावत असाल तर आत्ता जाऊन प्लग हातात घेऊन बघा, गरम लागला किंवा पीन पिवळी-काळी झाली असेल तर समजून जा.

एक फॉल्ट जो कुणालाच सापडत नाही

सगळे प्लग काढलेत, गिझर नाही, आणि तरीही आरसीसीबी पडतोय. तोही कधी? बाथरूमचा साधा नऊ वॉटचा बल्ब लावला की.

मंगळवार पेठेतल्या एका वाड्यात यानं माझे दोन रविवार खाल्ले. बल्ब बदलला, होल्डर बदलला, बटण बदललं. शेवटी शेजारच्या काकूंनी त्यांचा मेन पाडला तेव्हा बाथरूमचं बटण लावलं तरी खटका पडला नाही आणि बल्बही लागला नाही, तेव्हा डोक्यात लख्ख पडलं. एका खोलीच्या दोन करताना कुणीतरी फेज आमच्याकडनं घेतला होता आणि न्यूट्रल काकूंच्या बाजूचा जोडला होता, जवळ होता म्हणून. करंट आमच्या आरसीसीबीतनं जाणार आणि काकूंच्या घरातनं परत येणार, मग फरक दिसला की तो पडणारच, त्याचं कामच ते. काही मीटरवर ई-एल लिहिलेला एक दिवा असतो, न्यूट्रल असा उसना घेतलेला असेल तर तोही पेटलेला दिसतो. वाटून खोल्या केलेल्या वाड्यात, पार्टिशनच्या खोल्यांत, गच्चीवर वाढवलेल्या खोलीत हा संशय आधी घ्या. तपास सोपा आहे, शेजाऱ्याला विचारून त्याचा मेन दोन मिनिटं बंद करायला लावा आणि आपल्याकडं तेच बटण लावून बघा, खटका टिकला आणि बल्ब लागलाच नाही तर न्यूट्रल त्याच्याकडचा. दुरुस्ती मात्र वायरमनची, तुमची नाही.

मिणमिणत्या बल्बाचाही त्याच जातीचा एक प्रकार असतो, बटण फेजच्या ऐवजी न्यूट्रलला लावलेलं. बटण बंद असलं तरी होल्डरमध्ये फेज असतोच. असा बल्ब बदलताना बटणावर विसंबू नका, मेन बंद करा. वायरमन आला की तेवढं उलटं करून घ्या, किरकोळ काम आहे.

टेस्टर

वापरायची सवय नसेल तर हा भाग सोडा. सवय असेल तर बंद पडलेल्या पॉईंटला दोन्ही भोकांत टेस्टर लावून बघा. एकाच भोकात पेटला आणि तरी वस्तू चालत नाही, तर तो पॉईंट किंवा त्याची वायर खराब आहे. कुठंच पेटत नाही, तर फेज मागं कुठंतरी तुटलाय. दोन्ही भोकांत पेटला तर लोक खूश होतात, पण ते न्यूट्रल तुटल्याचं लक्षण आहे, इथं थांबायचं.

इथं हात लावू नका

बल्ब मंद-प्रखर होतायत, फॅन एकदम जोरात फिरायला लागला, म्हणजे न्यूट्रल ढिला किंवा तुटलेला असू शकतो. बिल्डिंगला थ्री फेज असेल तर अशा वेळी २३० च्या जागी ४०० च्या जवळपास व्होल्टेज तुमच्या फ्रिजला जाऊ शकतं. मेन बंद, सगळे प्लग काढा, शेजाऱ्यांना विचारा, त्यांच्याकडंही तसंच असेल तर १९१२, फक्त तुमच्याकडं असेल तर लायसन्सवाला वायरमन.

नळाला किंवा भिंतीला करंट येतोय, तर मेन पाडा आणि लाईट नीट होईपर्यंत बाथरूममधलं काहीही वापरू नका. चप्पल घालून अंघोळ करणं हा उपाय नाही, तीन वेगवेगळ्या घरांत मला हे सांगावं लागलंय.

जळका वास, एमसीबी हाताला गरम, मीटरच्या खालनं चरचर आवाज, काळं पडलेलं टर्मिनल, हे काहीही असेल तर थांबा. खांबापासनं मीटरपर्यंत, मीटरचं सील धरून, सगळं महावितरणचं, तिथं वायरमनलासुद्धा हात घालू देऊ नका. मीटरच्या पुढचं घरमालकाचं, आणि भिंतीतल्या वायरिंगचा खर्चही त्याचाच, हे करारात नसेल तर निदान मेसेजमध्ये लिहून घ्या.

शेवटचं, पुराच्या पट्ट्यातल्या तळमजल्याच्या खोल्या. शाहूपुरीतली कुंभार गल्ली, दुधाळी, नागाळा पार्कचा खालचा भाग, सुतारवाडा. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका हे कोल्हापुरात पोरासोरांना पाठ असतंय, पण खोली बघायला गेल्यावर भिंतीवरची पाण्याची रेघ कुणी बघत नाही. ती रेघ बघा आणि मीटर, बोर्ड, प्लग पॉईंट रेघेच्या वर आहेत का खाली ते बघा. खाली असतील आणि बोर्ड त्यानंतर बदललेला नसेल, तर वरनं रंग नवा असला तरी आतल्या पट्ट्यांना गंज आणि गाळ असतोच, उन्हाळाभर गप्प बसतो आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आरसीसीबी पडायला लागतो. अशा घरात मी स्वतः काही उघडत नाही, मेगर घेऊन येणाऱ्या वायरमनला बोलवतो, तो मेन काढून वायरींचं इन्सुलेशन मोजतो. आकडा एक मेगओहमच्या खाली आला तर ती वायर काढायची, वाळवायची नाही.